भिंतीकडे वळवलेली खुर्ची

वैशू,

तुझी बातमी चार ओळींची झाली. ती मीच लिहिली. नाव, गाव, वय, पश्चात कोण कोण, अंत्यसंस्कार कुठे झाले. तीत चूक नव्हती. डेस्कवरून फोन आला, "फोटो जरा मोठा लावू का?" मी नको म्हणालो. दुसऱ्या दिवशी पान उघडलं तेव्हा तुझ्या शेजारी ठिबकच्या नळ्यांची जाहिरात होती. आम्ही रोज असंच पान लावतो. बातमी पूर्ण बरोबर असते आणि तीत माणूस नसतो, हे मी इतकी वर्षं चालवून घेतलं. तुझ्या वेळी चालवता आलं नाही.

म्हणून हे वेगळं लिहितो आहे. यात तुझं शिक्षण, लग्न, वय येणार नाही. ते छापून झालं.

आधी एक खुलासा, कारण गावात बोललं जातं आहे. "डोक्याच्या गोळ्यांनी गेली," असं वडनेरच्या पानटपरीवर मी स्वतः ऐकलं. तू कसल्याही गोळ्या घेत नव्हतीस. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की ती नस आधीपासूनच कमजोर असावी. तुझ्या घाबरण्याशी तिचा संबंध नाही. आणि थोडं आधी आणलं असतं तरी फार काही करता आलं नसतं. ते शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. ते तसंच म्हणाले. मी हे इथं लिहून ठेवतो आहे ते तुझ्यासाठी नाही. तुझ्या सासूबाईंसाठी.

तुझं घाबरं होणं सुरू झालं तेव्हा आपण सगळ्यांनी ते छातीचं धरलं होतं. भाजीबाजारात हर्रास चालू असताना तू मिरचीच्या पोत्यावर अचानक बसलीस. हातांना मुंग्या, ओठ पांढरे, आणि डोळ्यांत असं काही की बोली लावणारा माणूससुद्धा गप्प झाला. तुझ्या नवऱ्यानं, गजाननरावांनी, तुला भाजीच्याच गाडीत घालून आधी मलकापूरला नेलं, मग खामगावला. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. सगळं साफ. डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम आहे. कुणाशी तरी मोकळं बोला."

"कोणाशी बोलू?" तू बाहेर येऊन मला विचारलंस. "घरात सगळे बोलतातच ना माह्याशी. बोलणंच बोलणं असते."

पुण्याच्या एका संस्थेचा नंबर मी शोधून दिला. फोनवर समुपदेशन, आठवड्यातून एकदा, मराठीतून. चौकशी केली, दोन माणसांना विचारलं, मग दिला. एखादी बातमी पक्की करतो तशी मी ती संस्था पक्की केली होती. एकच गोष्ट मी तपासली नाही, आणि ती संस्थेकडे नव्हतीच. तुमच्या घरात होती.

तुमच्या घरात फोन कुणी कानाला लावत नाही. फोन आला की स्पीकरवर टाकून बाजेवर मधोमध ठेवायचा आणि ज्याने त्याने आपापल्या जागेवरून उत्तर द्यायचं, ही तिथली रीत. फोन घेऊन कुणी अंगणात गेलं, तर त्याला काही लपवायचं आहे. तुझ्या पहिल्या दिवशीही फोन बाजेवरच होता. मी तुला धीर द्यायला मुद्दाम आलो होतो. गजाननराव, सासूबाई, तुझी लेक श्रुती आणि मी असे चौघं तुझ्याभोवती बसलो होतो.

"तुम्ही आत्ता एकट्या आहात ना?" पलीकडच्या बाईंनी विचारलं. आवाज तरुण होता, मऊ होता.

"हो," तू म्हणालीस.

"सध्या कसं वाटतंय?"

"मला बरं वाटत आहे." शाळेतल्या धड्यात लिहितात तशी मराठी तू बोलायला लागलीस.

"सांग ना वं," सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "परवा दूध उतू गेलं अन् तू नुसती पाहत उभी होती, ते सांग."

"हा कुणाचा आवाज?"

"टीव्हीचा," तू म्हणालीस.

सासूबाईंनी लसणाची पाकळी तुला फेकून मारली. "मी टीव्ही काय वं?" त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. गजाननराव हसले, श्रुती ओढणीत तोंड घालून हसली, तुझ्या तोंडूनही हसू फुटलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, तुमचं हसू ऐकून छान वाटलं.

अशी तुझी सत्रं चालली. तुझ्या दुखण्याबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस; बोलायला जागाच नव्हती. पण त्या बाईंनी जे शिकवलं ते सगळं घर शिकलं. घाबरं झालं की श्वास कसा सोडायचा. पाय जमिनीला कसे टेकवायचे. आणि ते पाच-चार-तीन: दिसणाऱ्या पाच वस्तू सांगायच्या, हाताला लागणाऱ्या चार, कानावर पडणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. सावरण्याची तंत्रं, असं त्या म्हणायच्या. तुझा चेहरा बदलला की श्रुती स्वयंपाकघरातून ओरडायची, "आई, पाच सांग!" आणि सासूबाई ओट्यावरून तुझ्याबरोबर मोजायला लागायच्या.

"मले तर बाप्पा पाचवी वस्तू सापडतच नाही," त्या एकदा म्हणाल्या. "चष्म्याबिगर चारच दिसतात."

"मग चष्माच धरा पाचवा," तू म्हणालीस. तो तुमच्या घरातला नेहमीचा विनोद झाला. पाचवं काही सुचलं नाही की कुणीतरी म्हणायचं, "आजीचा चष्मा."

तंत्रांचा उपयोग झाला हे मी नोंदवतो, कारण पुढे आपलं भांडण त्यावरच झालं. तू पुन्हा बाजारात जायला लागलीस. श्रुतीच्या शाळेच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसलीस. एकदा नांदुऱ्याच्या फाटकावर गाडीसाठी थांबलो होतो, तेव्हा तुला घाबरं होताना मी पाहिलं. तू पदराचं टोक मुठीत धरलंस, ओठ हलले, आणि मालगाडी जाईपर्यंत तू परत आलेली होतीस. मी विचारलं, चव कोणती धरलीस?

"चव काई शोधा लागत नाही," तू म्हणालीस. "कडू राह्यतेच तोंडात."

आपण सुलतानपूरला एका खोलीत वाढलो. आई, बाबा, आजी, तू, मी. त्या खोलीत आईनं एक नियम केला होता: कुणी भिंतीकडे तोंड करून बसलं की त्याच्याशी बोलायचं नाही. तो माणूस घरात नाही असं समजायचं. बाबा हिशेबाच्या वेळी भिंतीकडे वळायचे, मी अभ्यासाला, आई कशासाठी ते आम्ही कधी विचारलं नाही. तू सगळ्यात जास्त वळायचीस. काही वेळ कुजबुजायचीस आणि मग वळून म्हणायचीस, "हं, आता बोला." भिंतीपाशी तू काय म्हणायचीस हे मला माहीत नाही. नियमच होता.

लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात तुझ्या सासूबाईंनी मला बाजूला घेऊन तक्रार केली होती. "भाऊ, तुमची बहीण आमाले पाठ करून बसते. हे काय वळण?" मी त्यांना आपल्या घरातला नियम सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असन तुमच्याकडं. इथं मोठ्या माणसाले पाठ दाखवत नाहीत." त्यांच्या जागी त्या बरोबर होत्या. तू वळणं सोडलंस. हे मी त्या घराविरुद्ध म्हणून लिहीत नाही. त्या घरात तुझ्या ताटात कधी कमी पडलं नाही, तुझ्यावर कुणी हात उचलला नाही, आणि तू खाली बसलीस तेव्हा नवऱ्यानं भाजी तशीच टाकून गाडी तुझ्यासाठी वळवली. फक्त भिंत नव्हती.

एके दिवशी तू फोन केलास. स्पीकरवर, अर्थात. "दादा, तुह्या ऑफिसात दुपारच्याला कोण असते?"

"मी."

"अजून?"

"कुणी नाही."

"बरं," तू म्हणालीस आणि कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोलायला लागलीस.

माझं ऑफिस म्हणजे स्टेशन रोडवर कृषी केंद्राच्या माथ्यावरची एक खोली. बाहेरून लोखंडी जिना, आत एक टेबल, एक फिरती खुर्ची, दोन प्लास्टिकच्या, खाली फवारणीच्या औषधांचा वास आणि गाडी गेली की थरथरणारी खिडकी. सत्राच्या दिवशी तू कोथिंबिरीच्या जुड्या पिशवीत घालून यायचीस, विकायला चालले असं घरी सांगून. मी किल्ली द्यायचो आणि जिन्याखालच्या चहाच्या टपरीवर बसायचो. चहावाल्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "काऊन साहेब, ऑफिसातून हाकललं काय तुमाले?"

"हो," मी म्हणालो. "नवीन मालकीण आली."

तू गेल्यावर मी वर जायचो तेव्हा फिरती खुर्ची भिंतीकडे वळलेली असायची. मी ती सरळ करायचो आणि कामाला बसायचो. पुढच्या वेळी पुन्हा तेच. यावर आपण एकमेकांशी कधी बोललो नाही.

काही आठवडे तू नुसती जाऊन यायचीस. मग ती दुपार आली. तू जिना उतरलीस तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केसांच्या कडा ओल्या होत्या. टपरीच्या बाकावर माझ्या शेजारी बसलीस आणि म्हणालीस, "दादा, भूक लागली." तू दोन कचोऱ्या खाल्ल्यास. तिसरी मागवलीस, अर्धी मला दिलीस. हिरव्या मिरचीचा देठ काढून बाजूला ठेवला आणि मिरची सावकाश, पूर्ण खाल्लीस. तुला असं खाताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आज सांगितलं," तू म्हणालीस.

"काय?" मी विचारलं. सवयीनं तोंडातून गेलं.

"तुले नाही सांगत. तू छापशील."

चहावाला हसला, मी हसलो, तू सगळ्यात मोठ्यानं हसलीस. मग गंभीर झालीस आणि म्हणालीस, "त्या बाईनं मधात एक शब्द बोलला नाही रे. नुसतं ऐकलं. मले वाटलं फोन कटला, म्हणून मी हॅलो म्हणलं. तर म्हणे, मी आहे, बोला." तू हे दोनदा सांगितलंस. मी आहे, बोला.

पुढच्या आठवड्यात तू ठरल्या वेळेच्या आधी आलीस. नवी साडी नव्हती, पण इस्त्रीची होती. वर गेलीस आणि माझा चहा संपायच्या आत उतरलीस.

"काय झालं?"

"नवीन बाई होती."

"म्हणजे?"

"जुनी सोडून गेली म्हणे. नवीन म्हणाली, सुरुवातीपासून सांगा." तू पिशवीतली कोथिंबीर काढून तिची सुकलेली पानं खुडायला लागलीस. "मी म्हणलं, घरी सगळे बरे आहेत. तर म्हणाली, चला मग, आपण एक श्वासाचा व्यायाम शिकू."

"तू सांगितलं नाहीस, की तुला येतो?"

"नाही. शिकली मी पुन्हा. तिले वाईट वाटलं असतं."

मी तुला समजावलं. लोक नोकऱ्या बदलतात, आमच्याकडेही बदलतात. जुन्या बाईंनी टिपणं ठेवली असतील. थोडे दिवस दे, हिच्याशीही जमेल. तू ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "तुह्या पेपरातला माणूस बदलला तर कालची बातमी बदलते काय?"

"नाही."

"मग? मी तिले सांगितलं ते कोठी गेलं?"

मी म्हणालो, संस्थेकडे तक्रार करू, नाहीतर मी यावर बातमीच करतो. तू म्हणालीस, "माह्यावर बातमी नको." आणि किल्ली माझ्या हातात दिलीस. ती पुन्हा मागितली नाहीस.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते संपायच्या आत तू गेलीस. दर भेटीत थोडं थोडं चालायचं, राखीला, पोळ्याला, बाजारात पिशव्या हातात असताना. माझं म्हणणं असं, की तुला जे मिळालं ते कमी नाही. तू बाजारात उभी राहतेस, रात्री झोपतेस, फाटकावर घाबरं झालं तर मालगाडी जाईस्तोवर सावरतेस. दुसऱ्या एखाद्या संस्थेत जाऊ, समोरासमोर बसणारं कुणी शोधू. तुझं म्हणणं असं, की घाबरं झाल्यावर काय करायचं हे तुला शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. पण घाबरं काऊन होते हे एकदाच कुणाला सांगून झालं होतं, आणि ते ऐकणारा कानच निघून गेला. आता पुन्हा पहिल्यापासून सांगायचं म्हटलं तर ते पाठ केलेल्यासारखं होईल. "दुसऱ्यांदा सांगितलं तर मलेच खोटं वाटन, दादा."

मी म्हणालो, तू हट्ट करतेस.

तू म्हणालीस, "अन् तुले मी बरी दिसाले पायजे. दिसली का तुहं काम झालं."

हे तू श्रुतीच्या वाढदिवसाला म्हणालीस, भजी तळताना, माझ्याकडे न बघता. यावर मला काहीतरी म्हणायचं होतं. तेवढ्यात सासूबाई आल्या, तेल फार तापलं म्हणाल्या, आणि ते राहिलं. आजही ते काय होतं हे मला नीट मांडता येत नाही. तू चुकीचं बोललीस असं नव्हतं. पूर्ण बरोबरही नव्हतं. माणूस बरा दिसावा असं वाटणं आणि तो बरा असावा असं वाटणं, यांत मला फरक करता येत नव्हता. फार जवळच्या माणसाच्या बाबतीत तो कुणाला करता येतो, ते मला माहीत नाही.

पाच-चार-तीन तू सोडलं नाहीस. रागानं करायचीस, पण करायचीस. "त्यायनं दिलेली तेवढीच वस्तू घरात आहे," म्हणायचीस.

आता वांग्याच्या वावरातलं. मी तिथं नव्हतो. तुझ्या सासूबाईंनी अकोल्याच्या दवाखान्यात, जिन्याच्या पायरीवर बसून जसं सांगितलं तसं लिहितो.

सकाळी तुम्ही दोघी तोडणीला होतात. तू "आई, डोस्कं" एवढं म्हणालीस आणि सरीत बसलीस. त्यांनी तुझं डोकं मांडीवर घेतलं. त्यांना वाटलं, नेहमीचं आहे. म्हणून त्या ओरडल्या नाहीत. पलीकडच्या वावरात माणसं होती, त्यांना हाक मारली नाही. घाबरं झालं की भोवती गर्दी करायची नाही, हे त्या तुझ्याच फोनवरून शिकल्या होत्या. त्यांनी तुझे पाय मातीवर सपाट टेकवले आणि हळू आवाजात विचारलं, "सांग माय, काय दिसते?"

"वांगं," तू म्हणालीस.

"अजून?"

"टोपलं."

"अजून सांग, माय."

तू त्यांच्या तोंडाकडे पाहिलंस. "तुमचा चष्मा," म्हणालीस.

त्यांना वाटलं तू गंमत करतेस. त्या हसल्यासुद्धा. म्हणाल्या, "आताच चष्मा? तो तर पाचवा असते." चौथं आलं नाही.

मग त्या ओरडल्या.

तुला घरी आणलं तेव्हा बायका आल्या. सुलतानपूरच्या आल्या, नांदुऱ्याच्या आल्या, गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढत आल्या. एकीनं तुझं लहानपण गायलं, एकीनं तुझ्या हातची भाजी. प्रत्येक बाई येऊन सासूबाईंच्या गळ्यात पडत होती, आणि सासूबाई कोरड्या बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. एका बाईनं कान लावला आणि घाबरून मागे सरकली. "म्हातारीच्या डोस्क्यावर परिणाम झाला," ती बाहेर येऊन म्हणाली. "वांगं, टोपलं, चष्मा म्हणून राह्यली."

घरातल्या कुणी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? श्रुती उठली, आजीच्या शेजारी जाऊन बसली आणि तिचा हात धरून म्हणाली, "आजी, चौथं मी सांगतो. भिंत."

तेव्हापासून एक विचार मला सोडत नव्हता. त्या पहिल्या बाईंना शोधायचं. ते अवघड नाही. माणसं शोधणं हेच माझं काम. पुण्यात ओळखी आहेत, संस्थेत कोण कधी होतं हे कळू शकतं. तू काय सांगितलंस ते जगात एकाच माणसानं ऐकलं आहे, आणि ते माणूस कुठंतरी जेवतं-खातं आहे, दुसऱ्यांचं ऐकतं आहे, कदाचित तुझं नाव विसरलं आहे. अंदाज माझ्याकडे होते. मला पुढे शिकवलं आणि तुला बारावीनंतर थांबवलं, ते असेल. गजाननराव असतील, सासूबाई असतील, आपली आई असेल, किंवा आम्हाला कुणालाच ठाऊक नसलेलं काही. अंदाज म्हणजे बातमी नव्हे. मी एका ओळखीच्याचा नंबर काढला, फोन लावला, आणि त्यानं उचलल्यावर त्याच्याशी पावसाबद्दल बोललो. कारण तू म्हणाली होतीस, तुले नाही सांगत, तू छापशील.

छापतोच आहे, वैशू. पण ते यात नाही.

तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, मांडव सोडायला सुरुवात झाली, तेव्हा सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तुमच्या ऑफिसात येत होती," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगते? कोथिंबीर घेऊन जाय अन् तेच कोथिंबीर घेऊन वापस ये. विकाले गेलेली बाई अशी येते काय?"

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? त्या दिवशी आल्यावर धड जेवे." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "तथी फोनवर बोले ना? काय सांगे?"

"मला माहीत नाही, आई."

"खरं सांगा."

"खरंच माहीत नाही."

"माह्यंच गाऱ्हाणं असन." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "असलं तरी चालते. सांगून तर झालं होतं ना कोणाले?"

"हो," मी म्हणालो. नवीन बाई, सुरुवातीपासून सांगा, इस्त्रीची साडी, यातलं त्यांना काही सांगितलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "भाऊ, मले बसू द्या तथी एक घंटा. घरात जमत नाही. सगळे पाहतात मी रडतो का म्हणून."

त्या परवा आल्या. पिशवीत कोथिंबिरीच्या चार जुड्या होत्या. घरी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. जिना त्यांना जड गेला, मध्ये थांबून त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "यवढ्या उंच चढे काय?" श्रुतीनं त्यांच्या फोनमध्ये संस्थेचा नंबर टाकून दिला होता. स्पीकर कसा बंद करायचा, ते मी दाखवलं. मग दार लोटून खाली आलो.

चहावाल्यानं पिशवी पाहिली होती. चहा माझ्यासमोर ठेवला आणि पैसे घेतले नाहीत.

वरून काही ऐकू आलं नाही. मधे दोन गाड्या गेल्या. खिडकी थरथरली. मी वर पाहिलं नाही.

त्या उतरल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केसांच्या कडा ओल्या होत्या. बाकावर बसल्या. मी कचोरी मागवली. त्यांनी अर्धी खाल्ली आणि उरलेली कागदात गुंडाळून श्रुतीसाठी पिशवीत ठेवली.

"लागला का फोन?" मी विचारलं.

"नाही लागला. घंटी वाजे अन् बंद पडे."

"मग?"

"मग तशीच बोलली," त्या म्हणाल्या.

कुणाशी, ते मी विचारलं नाही. त्यांनी कोथिंबिरीची एक जुडी माझ्या हातात दिली, बाकीच्या घरी घेऊन गेल्या. मी ऑटोत बसवून दिलं आणि वर आलो.

खुर्ची भिंतीकडे वळलेली होती.

मी ती सरळ करायला हात लावला आणि काढून घेतला. हे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून लिहितो आहे.